हार्ड डिस्क दिसत नाही, म्हणजे गेली असे नव्हे

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी कीर्तन होते, संतवाङ्मयावर व्याख्यान होते, नाट्यसंगीताची मैफल होते. यंदा कार्यकारिणीने आम्हांला बोलावले आणि विषयही नेमून दिला. "घरचा संगणक मधेच बंद पडतो, परत चालू केला की हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतो, अशा वेळी काय करायचे ते एकदा नीट सांगा." विषय कोरडा आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण समोर बसलेला देव महाभारताचा लेखनिक. लिहिलेले जपून कसे ठेवावे हे त्याच्यापुढे बोलायला हरकत नसावी.

आम्ही म्हणजे सरकारी कचेऱ्यांतील संगणकांची देखभाल करणारे तिघे. तिघेही पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन नोकरीत आलो. आमची फिरती जास्त करून पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत. दिवसा कचेरीची यंत्रे आणि संध्याकाळी ओळखीपाळखीच्या घरची, असा आमचा क्रम गेली कित्येक वर्षे चालू आहे.

या दोन प्रकारच्या यंत्रांत एक मोठा फरक आहे. कचेरीतला संगणक बिघडला तर काम अडते, रांग लागते, लोक चिडतात. पण तुमचा एक-चौदाचा उतारा काही हरवत नाही. तो त्या टेबलावरच्या यंत्रात नसतोच. तो असतो लांब कुठल्या सर्व्हरवर, आणि त्याच्या आणखी प्रती ठेवलेल्या असतात. टेबलावरचे यंत्र ही नुसती खिडकी. घरच्या यंत्राचे तसे नाही. नातवाच्या जावळाचे फोटो, मुलीच्या लग्नाचे चित्रण, वारलेल्या वडिलांचा आवाज, जत्रेत केलेल्या नाटकाची टाईप केलेली संहिता, भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग, हे सगळे त्या एकाच पेटीत असते आणि बहुतेक घरांत त्याची दुसरी प्रत नसते. म्हणून कचेरीतले यंत्र बंद पडले की माणूस रागावतो, आणि घरचे बंद पडले की रडवेला होतो.

आजच्या भाषणात आम्हांला मुख्य गोष्ट एकच सांगायची आहे. संगणक सुरू करणे हे एक काम, आणि त्याच्या आत असलेले वाचवणे हे दुसरे काम. ही दोन कामे वेगळी आहेत, कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि दुसरे काम आधी करायचे असते.

आधी हार्ड डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या, आकार मोठ्या कपाटाएवढा, आणि तिच्यात मावत होते सुमारे पाच एमबी. आज मोबाइलवर रेकॉर्ड केलेली पाच मिनिटांची एक घुमट आरती साधारण तेवढी जागा घेते. आजची डिस्क तळहातावर मावते. तिच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवरून वाचणारे डोके तिला टेकत नाही, ते हवेच्या पातळ थरावर तरंगते. मधले अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. यावरून एवढे लक्षात घ्या की डिस्कचे झाकण घरी कधीही उघडायचे नाही. आपल्या खोलीतला धुळीचा एक कण त्या डोक्यापुढे डोंगराएवढा असतो.

आता बिघाडाकडे येऊ. "हार्ड डिस्क दिसत नाही" असे लोक सांगतात तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारतो: कोणाला दिसत नाही? कारण डिस्क तीन ठिकाणी हरवू शकते.

संगणक चालू केल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात. तो मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, अशी हजेरी घेतो. सुरुवातीलाच एफ-टू किंवा डिलीट ही कळ दाबत राहिलात तर त्याचा पडदा उघडतो आणि तिथे डिस्कचे नाव दिसते. कोणती कळ ते कंपनीनुसार बदलते.

तिथेच नाव नसेल तर बिघाड वस्तूचा आहे. वीज पोचत नाही, केबल खराब आहे, मदरबोर्डवरची खोबण खराब आहे, नाहीतर डिस्कच गेली आहे. बायोसमध्ये नाव आहे, पण विंडोज सुरू होत नाही, असे असेल तर डिस्क जिवंत आहे. तिच्यावरची मांडणी बिघडली आहे, किंवा संगणक भलतीकडून सुरू व्हायला बघतो आहे. कोणी पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावून विसरले असेल तरी असे होते. आणि विंडोज सुरू आहे, फक्त दुसरी डिस्क यादीत दिसत नाही, असे असेल तर पुष्कळदा तिचे अक्षर तेवढे गेलेले असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते परत देता येते. मात्र तिथे "फॉर्मॅट करू का?" किंवा "इनिशियलाइज करू का?" असे यंत्राने विचारले तर उत्तर "नको" हेच द्या. यंत्राला तुमचे लिखाण वाचता येत नाही म्हणून ते पाटी पुसायची परवानगी मागते.

डिस्क कुठे हरवली ते कळले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम आपल्या हवापाण्याशी बांधलेले आहे. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेली कारणे आणि आमच्या दोन तालुक्यांत सापडणारी कारणे यांत फरक पडतो, म्हणून ती इथे सांगतो.

पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल, केरी हा सगळा समुद्राकाठ. वारा खारा आणि पावसाळ्यात हवा दमट. अशा हवेत रॅमच्या पट्टीचे आणि केबलच्या टोकांचे धातू काळवंडतात. संपर्क कधी लागतो, कधी सुटतो. म्हणूनच यंत्र काल चालले, आज नाही, थोपटले की परत चालले, असा खेळ सुरू होतो. अशा यंत्राची वीज पूर्ण काढून, रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी टोक शाळेतल्या साध्या खोडरबराने हलके पुसावे, कोरड्या फडक्याने खोडरबराची पूड झाडावी आणि पट्टी परत घट्ट बसवावी. डिस्कच्या दोन्ही केबली काढून पुन्हा लावाव्या. एवढ्यानेच कित्येक यंत्रे उठून बसतात. एकापेक्षा जास्त रॅम पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. निळा पडदा येऊन यंत्र पुनःपुन्हा कोसळण्यामागे खराब रॅम हे नेहमीचे कारण आहे, आणि लोक मात्र डिस्कला दोष देतात.

डिचोलीची तऱ्हा वेगळी. शिरगाव, पिळगाव, मये या बाजूला खाणीची तांबडी धूळ. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. पण जुन्या यंत्रांच्या पोटात ती धूळ आजही सापडते. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीत तिचा थर बसतो. मग हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. दहा-पंधरा मिनिटे चालून बंद, थंड झाल्यावर परत चालू, पुन्हा बंद, असे होत असेल तर आधी झाकण उघडून पंखा पाहा. मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर पुरे. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, त्याला गरगर फिरू देऊ नये.

विजेचे दुखणे दोन्ही तालुक्यांना सारखेच. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा किती गावे किती दिवस अंधारात होती ते तुम्हांला आठवत असेल. वीज जाताना जेवढा धोका असतो त्याहून जास्त ती परत येताना असतो. दाब एकदम वर जातो. वीज गेली की भिंतीवरचे बटन बंद करावे आणि आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून चालू करावे. मृगाच्या आधी आणि पाऊस परतताना आपल्याकडे विजा कडाडतात. तेव्हा नुसते बटन बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा. इंटरनेटची तांब्याची तार येत असेल तर तीही सोडवावी, कारण वीज त्या वाटेनेही घरात शिरते. जुन्या घरांत अर्थिंग धड नसते. यूपीएसवर आठ-दहा हजार खर्च करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

संगणकाच्या मागच्या चौकोनी डब्याला एसएमपीएस म्हणतात. तो घरची वीज उतरवून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देतो. मोठ्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते. डबा म्हातारा झाला की डिस्क फिरायला लागताना हा दाब ढासळतो, डिस्क हजेरीच्या वेळी तयार नसते आणि बायोस गैरहजर मांडून पुढे जातो. यंत्र मधेच बंद पडणे आणि डिस्क न दिसणे या दोन तक्रारी एकदम येतात तेव्हा आमचा पहिला संशय या डब्यावर असतो. दुसरा चांगला डबा लावून पाहणे ही खरी परीक्षा. मात्र हा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत काही काळ वीज साठून असते.

आणखी एक स्वस्त कारण सांगतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. बाजारात सीआर २०३२ या नावाने मिळतो. प्लग काढलेला असताना घड्याळ आणि बायोसची मांडणी हाच सेल सांभाळतो. शाळेतला संगणक मे महिन्याच्या सुटीत प्लग काढून ठेवतात, घरचा मुले परगावी गेली की पडून राहतो, आणि जुना सेल संपतो. मग तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि बायोस कारखान्यातल्या मांडणीवर परततो. कधी त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलते आणि विंडोज सुरू होतानाच निळा पडदा दाखवते. पेडण्याच्या एका घरात अशाच यंत्राला कुणीतरी "डिस्क गेली" म्हणून सांगितले होते. नवीन डिस्क आणायचे ठरलेही होते. आम्ही तारीख पाहिली, सेल बदलला, बायोसमध्ये ती पद्धत पूर्वीसारखी केली आणि दहा वर्षांचे फोटो जसेच्या तसे समोर आले. खर्च एका सेलचा.

पुष्कळ घरांत पोटमाळ्यावर एखादा जुना संगणक आहे. सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले, ते अनेक घरांतले पहिले यंत्र. त्या काळच्या डिस्कना चाळीस पिनांची रुंद, पट्टीसारखी केबल असे आणि एका केबलीवर दोन यंत्रे लावली तर मागच्या इवल्या जंपरने एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह करावे लागे. दोन्ही मास्टर झाली की एकही दिसत नसे. अशी डिस्क आज वाचायची असेल तर तो संगणक उठवायची गरज नाही. डिस्क काढून यूएसबी ॲडॅप्टरने लॅपटॉपला जोडता येते. त्या काळच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसतील. दुरुस्तीच्या नादी न लागता फक्त डिस्क बाहेर काढा. भंगारवाल्याला पेटी द्यायची असेल तर डिस्क ठेवून द्या.

आता पुराचे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी सोडल्यावर इब्रामपूर, हणखणे, साळ या भागांत घरांत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. पाण्याखाली गेलेला संगणक लोक उन्हात वाळवतात आणि दोन दिवसांनी चालू करून पाहतात. असे कृपा करून करू नका. बहुतेक डिस्कना श्वास घ्यायला बारीक छिद्र असते, तिथून गढूळ पाणी आत गेलेले असू शकते. चालू केल्याबरोबर डोके त्या गाळावर घासते. भिजलेली डिस्क एकदाही चालू न करता जाणकाराकडे पोचवावी.

कारणे झाली. आता यंत्र बंद पडल्यावर घरच्या माणसाने काय करायचे त्याचा क्रम सांगतो.

पहिले, थांबा. पुनःपुन्हा बटन दाबू नका. पडद्यावर जो संदेश आला असेल त्याचा मोबाइलने फोटो काढा. नंतर दुरुस्त करणाऱ्याला "काहीतरी इंग्रजीत आले होते" असे सांगण्यापेक्षा तो फोटो शंभर पटीने उपयोगी पडतो.

दुसरे, कान लावा. चांगली डिस्क मंद गुणगुणते. टक्-टक्, टक्-टक् असा ठराविक ठोका येत असेल तर डोके आपली जागा शोधते आहे आणि तिला ती सापडत नाही. त्याच क्षणी वीज बंद करा. अशी डिस्क चालू ठेवली तर प्रत्येक मिनिट तबकडीवरचे काही ना काही खरवडून काढते. ती बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत तिच्यावर दव धरते.

तिसरे, ठोका नसेल तर बाहेरून आत या. भिंतीचा प्लग, मग पंखा, मग केबली, मग रॅम, मग सेल, मग एसएमपीएस. झाकण उघडण्याआधी प्लग काढा आणि पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालू करून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले तर दुखणे कशात होते ते कळत नाही, आणि चार दिवसांनी ते परत येते.

चौथे, डिस्क दिसली की आनंदाच्या भरात काम सुरू करू नका. आधी महत्त्वाच्या गोष्टींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. जी पुन्हा कधीच मिळणार नाही ती आधी. सिनेमे आणि गाणी शेवटी. आजारी डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवण्याचा मोह होतो, पण तिला तो ताण सोसत नाही. आधी प्रत, मग उपचार. प्रत झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिची प्रकृती पाहा. "गुड" च्या जागी "कॉशन" दिसले तर ती डिस्क निवृत्त करा.

पाचवे, यंत्र बाहेर दुरुस्तीला द्यायचे असेल तर काय हवे ते स्पष्ट शब्दांत सांगा. यावर एक हकिकत सांगतो. नावे कोणाचीच सांगत नाही.

डिचोली तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग त्यांच्या एका ज्येष्ठ सदस्याच्या घरी संगणकावर होते. अकरा वर्षांचे सप्ताह आणि एकादशा. त्यात दोन बुवा असे, की ते आता हयात नाहीत. संगणक अडला म्हणून मुलाने तो शहरातल्या एका दुकानात नेला आणि सांगितले, "सुरू करून द्या." दुकानदाराने डिस्क फॉर्मॅट मारली, नवीन विंडोज टाकले आणि तिसऱ्या दिवशी यंत्र परत दिले. यंत्र उत्तम चालत होते. बिल वाजवी होते. त्याला जे काम सांगितले होते ते त्याने केले होते.

त्यानंतर ते गृहस्थ आमच्याकडे आले. नुसते फॉर्मॅट झाले असते तर पुष्कळसे परत आणता आले असते, कारण साध्या फॉर्मॅटमध्ये अनुक्रमणिका पुसली जाते आणि मजकूर जागेवर राहतो. पण त्या जागेवर नवीन विंडोज आणि मुलाने उतरवलेले खेळ बसले होते. आम्ही शोधून शोधून काही तुकडे काढले. एका अभंगाची सुरुवात मिळाली, तिचा शेवट नाही. गृहस्थांनी तेवढे ऐकले आणि विचारले, "अहो, हे त्या यंत्राच्या पोटात आहे हे त्या माणसाला कळायला नको होते का?" ते त्याला कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून पावतीवर लिहून घ्या: "आतील माहिती हवी आहे. विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये." दुकानदार नाही म्हणाला तर डिस्क काढून घरी ठेवा आणि यंत्र तेवढे द्या. डिस्क काढायला चार स्क्रू असतात.

नव्या लॅपटॉपविषयी दोन शब्द. आता फिरत्या तबकड्या जाऊन एसएसडी आली आहे. ती वेगवान असते, पडली तरी सहसा फुटत नाही. पण मरताना ती ठोकेही देत नाही. काल होती, आज नाही. आणि पुसलेले परत मिळण्याची आशा तिच्यात फारच कमी. दुसरे असे की, काही नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकायला गेल्यास डिस्कच दिसत नाही. तेव्हा घाबरू नये. इंटेलच्या एका ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवरून दिली की ती दिसते. तिसरे, अनेक नव्या यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असते. त्याला बिटलॉकर म्हणतात. मदरबोर्ड बदलला की ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ते खाते मुलाच्या जुन्या ईमेलवर असेल आणि तो ईमेल विसरला असेल, तर डिस्क धडधाकट असून दार उघडणार नाही. आज घरी गेल्यावर ती किल्ली शोधा, कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

आता शेवटचे आणि खरे औषध. नार्वेच्या श्री सप्तकोटेश्वराचे मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारले, त्याचा शिलालेख तिथे आजही वाचता येतो. आपल्या डिस्कची हमी कंपनी दोन-तीन वर्षांची देते, फार तर पाच. यावरून आपण काय कशावर लिहितो आहोत ते ध्यानात येईल. त्याच देवाची आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दिवाडीवरचे मंदिर उद्ध्वस्त झाले तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले, म्हणून ते वाचले. आपल्याकडच्या किती कुलदैवतांचा असाच इतिहास आहे. धोका जिथे आहे तिथून दूर, नदीपलीकडे नेऊन ठेवणे ही आपल्या पूर्वजांची रीत. संगणकवाले तेच आकड्यांत सांगतात: तीन, दोन, एक. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

तीन प्रती म्हणजे मूळ धरून तीन. एक संगणकात, एक बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवर. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका, नाहीतर वीज पडली की दोन्ही एकदम जातील. ती पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा, म्हणजे बुरशी आणि खारा वारा लागणार नाही. वर्षातून एकदा काढून दोन-चार फोटो उघडून पाहा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये. आणि जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेले मराठी लेखन असेल तर त्याची युनिकोडमध्ये एक प्रत करा, शिवाय एक पीडीएफ. नाहीतर डिस्क राहील, फाइलही उघडेल, आणि मजकूर कोणालाच वाचता येणार नाही.

हे सगळे कधी करायचे? आमच्या मते चवथीच्या दिवसांत. वर्षभर रिकामे असलेले मूळ घर याच वेळी भरते. पुण्याचा भाऊ येतो, मुंबईची बहीण येते, परदेशातला पुतण्या कधीमधी येतो. जुने फोटो कोणाचे आहेत हे सांगणारी आजी याच वेळी सगळ्यांमध्ये बसलेली असते. तिला शेजारी बसवून फोटोंना नावे द्या: कोण, कुठले, कोणते वर्ष. मग त्याच्या दोन प्रती करा. एक घरच्या कपाटात ठेवा, आणि दुसरी विसर्जनानंतर परत निघालेल्या भावाच्या बॅगेत घाला. करंज्यांच्या डब्याबरोबर ती पुण्याला पोचेल. पुढच्या वर्षी येताना त्याने ती आणायची, नवीन भर घालायची आणि परत न्यायची.

मंडळाकडेही पन्नास-साठ वर्षांच्या स्मरणिका, नाटकांचे फोटो आणि इतिवृत्ते आहेत. त्यांच्या प्रती करण्याच्या कामाला आम्ही तिघेही रविवारी यायला तयार आहोत. कार्यकारिणीने फक्त एक खोली आणि दोन तरुण मुले द्यावीत. ज्यांच्या घरी पोटमाळ्यावर जुना संगणक आहे त्यांनी तो चालू न करता तसाच आणावा.

 गणपती बाप्पा मोरया.